सगळ्यांची अ‍ॅक्शन एक नको, पण मोजमाप तरी एक हवं

अमेरिकेतल्या बेसबॉलचा २०२४ चा सीझन सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. ६ एप्रिलला, शनिवारी, एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. क्लीव्हलँडचा पिचर (बॉल टाकणारा) शेन बीबर याला कोपराची टॉमी जॉन सर्जरी (तुटलेलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, नव्याने बसवायची) करावी लागणार, म्हणजे त्याचं वर्ष संपलं, आणि अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरच्या एमआरआयमध्ये त्याच लिगामेंटला इजा दिसली. बीबर २०२० चा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता, स्ट्रायडरने आदल्याच वर्षी २८१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) घेतलेले, म्हणजे कोणी ऐरेगैरे नाहीत. त्याच दिवशी खेळाडूंच्या युनियनने पत्रक काढलं की दोष पिच क्लॉकचा, म्हणजे ठरावीक सेकंदांत बॉल टाकायला लावणाऱ्या घड्याळाचा आहे, २०२३ ला घड्याळ आणलं आणि यंदा बेसवर रनर असताना अजून दोन सेकंद कापले, हाताला दम खायला वेळच उरला नाही. लीगने, म्हणजे मेजर लीग बेसबॉलने (एमएलबी), लगेच उलट सांगितलं की घड्याळाचा काही संबंध नाही, पिचर जास्त जोर लावून जास्त वेगाने टाकतायत म्हणून हात जातायत. मग टीव्हीवर, पॉडकास्टवर सगळीकडे दोन तट पडले. एका बाजूला आकडेवाल्यांनी खेळाची वाट लावली म्हणणारे जुने खेळाडू, दुसऱ्या बाजूला जुन्या कोचांना काहीच कळत नाही म्हणणारे लॅबवाले. दोन्ही बाजूंना गुन्हेगार शोधायचाय. पण त्या पिचरला कोणी शिकवलं, किती जणांनी शिकवलं, आणि त्यातल्या एकाला तरी दुसऱ्याने काय शिकवलं हे माहीत होतं का, हा प्रश्न त्या गदारोळात मला कुठेच ऐकू आला नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. व्यावसायिक बेसबॉलमधलं कोचिंग एका सूत्रात बांधायला हवं आणि ते सूत्र क्रीडाविज्ञानाच्या संशोधनाचं असायला हवं. याचा अर्थ सगळ्या पिचरनी एकसारखं टाकावं असा मी अजिबात घेत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की मोजायची पद्धत एक असावी, एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव असावं, कोणी कधी काय शिकवलं त्याची नोंद खेळाडूबरोबर पुढे जावी, आणि एखादी पद्धत चांगली आहे असं कोणी म्हणत असेल तर ते सिद्ध कसं करायचं याचे नियम लीगच्या तीसही क्लबना सारखे असावेत. आज यातलं जवळजवळ काहीच नाहीये.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक मायनर लीग (मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्या) पिचर राहायला होता. तेव्हा अनेक ठिकाणी क्लब राहायची सोय करायचे नाहीत, गावातली कुटुंबं या पोरांना एकेक खोली द्यायची, होस्ट फॅमिली म्हणतात त्याला (२०२२ पासून क्लबना घर द्यावं लागतं, ते फार बरं झालं). बावीस वर्षांचा पोरगा, सहा फूट तीन इंच, आमच्या बेसमेंटमधल्या पलंगाबाहेर त्याचे पाय यायचे. रात्री साडेअकराला मॅच संपवून यायचा, बायको त्याच्यासाठी वरणभात झाकून ठेवायची, तो ओट्याशी उभ्याउभ्याच खायचा आणि मग किचनच्या टेबलावर एक काळी वही उघडून बसायचा. एकदा त्याने स्वतःहूनच ती मला दाखवली. मार्चच्या पानावर, स्प्रिंग ट्रेनिंगमधलं (सीझनआधीच्या सरावातलं), लिहिलेलं की उंच राहा, गुडघा वाकवू नको, शरीर आपसूक पुढे पडू दे. जूनच्या पानावर, आमच्या गावात आल्यावरचं, की खाली बस आणि मागच्या पायाने जोरात ढकल. ज्यांना हा खेळ माहीत आहे त्यांना कळेल की ही पिचिंगमधली दोन जुनी परस्परविरोधी मतं आहेत, टॉल अँड फॉल आणि ड्रॉप अँड ड्राइव्ह, जुना नामांकित पिचर टॉम सीव्हर दुसऱ्या पद्धतीचा. दोन्हींनी महान पिचर दिलेत. पण एकाच पोराला तीन महिन्यांत दोन्ही? आणि त्याही आधीची पानं होती हिवाळ्यातली, एका खासगी ट्रेनिंग सेंटरमधली, त्यात नुसती बॉलची वजनं, किती वेळा फेकला आणि कोपऱ्यात वेग. मी विचारलं, मग तू ऐकतोस कोणाचं? तो म्हणाला, त्या दिवशी जो बघत असेल त्याचं.

ऑगस्टमध्ये त्याचं कोपर दुखायला लागलं. कुठल्या पानामुळे ते मला माहीत नाही, कदाचित कुठल्याच नाही, हाताला नशीबही असतं. पण ज्या क्लबने त्याच्यावर पैसे लावले होते त्यालाही ते कळायचा मार्ग नव्हता, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

आता संशोधनाला नेमकं काय माहीत आहे ते बघू, कारण या वादात लोक विज्ञान हा शब्द फार सैल वापरतात. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट आहे, १९८७ पासून. सर्जन जेम्स अँड्र्यूज आणि बायोमेकॅनिक्सचे ग्लेन फ्लायसिग ही तिथली दोन मोठी नावं. त्यांच्या लॅबने १९९५ मध्ये छापलं की हात पूर्ण मागे वळलेला असतो त्या क्षणाच्या आसपास कोपरावर साधारण ६४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर, येतो. आणि मृतदेहांच्या कोपरांवर केलेल्या चाचण्यांमध्ये हे आतल्या बाजूचं लिगामेंट ३२ न्यूटन-मीटरच्या आसपासच तुटतं. मग प्रत्येक फास्टबॉलला ते तुटत का नाही? कारण साधारण अर्धा भार लिगामेंट घेतं आणि उरलेला कोपराभोवतीचे स्नायू आणि हाडं वाटून घेतात. म्हणजे सगळं काठावर चाललेलं असतं, प्रत्येक बॉलला. त्यानंतर खांदा सेकंदाला ७००० अंशांच्या वर वेगाने आत फिरतो, माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. हे डोळ्याला दिसत नाही हो! कितीही मुरलेला कोच असू दे, त्याला त्या क्षणाच्या आधीचं आणि नंतरचं दिसतं, मधलं तो अनुभवाने भरून काढतो. अनुभवाला मी कमी लेखत नाहीये, पण दोन अनुभवी माणसांनी तीच गाळलेली जागा दोन उलट्या उत्तरांनी भरली तर खरं कोणाचं हे ठरवायला तिसरं काहीतरी लागतं ना?

आणि अनुभवाचं ज्ञान किती ठामपणे चुकू शकतं याची उदाहरणं आहेत. पिढ्यान्पिढ्या सांगितलं गेलं की लहान मुलांचे हात कर्व्हबॉलमुळे (हवेत वळणाऱ्या बॉलमुळे) जातात. लॅबमध्ये मोजलं तर कोपरावर फास्टबॉलचा भार कर्व्हबॉलपेक्षा कमी नव्हता, बऱ्याचदा जास्तच होता. मग त्याच संस्थेने ४८१ मुलांचा दहा वर्षं पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष आला की वर्षाला १०० इनिंगच्या वर पिचिंग केलेल्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता, आणि तेराव्या वर्षाआधी कर्व्ह टाकायला लागल्याने धोका वाढतो असं काही सिद्ध झालं नाही. म्हणजे बाप लोक वर्षानुवर्षं बॉलच्या प्रकारावर नजर ठेवून होते आणि मोजायला हवे होते ते बॉल. तसंच दोन्ही कोपरं खांद्याच्या वर मागे जातात त्या स्थितीचं, इन्व्हर्टेड डब्ल्यू म्हणतात तिला. इंटरनेटवर फोटो थांबवून थांबवून लोक भविष्य सांगायचे की याचा हात जाणार. २०१५ मध्ये मोठ्या लीगच्या स्टार्टरांचे (मॅच सुरू करणाऱ्या पिचरांचे) व्हिडिओ पद्धतशीर तपासले तेव्हा त्या स्थितीचा आणि सर्जरीचा संबंध सापडला नाही, सापडला तो धड लवकर वळण्याचा. ही चूक ज्यांनी केली ते जुन्या विचारांचे कोच नव्हते, स्वतःला आधुनिक समजणारेच लोक होते. म्हणून मी दोन्ही तटांच्या बाहेर उभा आहे.

गंमत बघा, लहान मुलांच्या बाबतीत हे एकसूत्रीकरण होऊन गेलंय. लिटल लीगने २००७ पासून इनिंगऐवजी पिच मोजायला घेतल्या. २०१४ मध्ये एमएलबी आणि यूएसए बेसबॉलने मिळून पिच स्मार्ट काढलं, नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५, अकरा-बाराच्याने ८५, त्यापुढे किती दिवस विश्रांती, सगळं लिहून. तेव्हा कोणी म्हणालं नाही की आमच्या टीमची स्पर्धात्मक आघाडी जाते. दहा वर्षांच्या पोराच्या कोपराला जी शिस्त आपण लावतो ती बावीस वर्षांच्या पोराला लागू पडत नाही का? त्याच्या लिगामेंटला पगार मिळतो म्हणून ते वेगळं झालं?

आता विरोधी मुद्दे, आणि ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा शरीराचा. प्रत्येकाची हाडं वेगळी, लवचिकता वेगळी, मग एकच विज्ञान सगळ्यांना कसं बसवणार? याचं सगळ्यात टोचणारं उदाहरण मार्क प्रायर. २००२ मध्ये तो शिकागो कब्स या क्लबकडून आला तेव्हा सगळे म्हणायचे की पिचिंग मेकॅनिक्स शिकवायचं तर याचा व्हिडिओ दाखवा, निर्दोष. २००३ मध्ये १८ विजय, ६ पराभव. २००६ नंतर तो मोठ्या लीगमध्ये परत कधी टाकू शकला नाही. आदर्श अ‍ॅक्शनच्या कल्पनेवर याहून मोठा घाव कुठला? मी हे पूर्ण मान्य करतो. पण यातून सिद्ध काय होतं? आदर्श अ‍ॅक्शन हे डोळ्याने ठरवलेलं होतं, ती सुंदर दिसत होती म्हणून ती सुरक्षित असं लोकांनी धरलं. पुढे प्रायर स्वतः लॉस एंजेलिस डॉजर्स या क्लबचा पिचिंग कोच झाला, आणि ज्या क्लबमध्ये सगळ्यात जास्त मोजमाप चालतं अशा क्लबमध्ये तो काम करतो. मला त्यात एक अर्थ दिसतो, ज्याचं शरीर डोळ्यांच्या अंदाजावर गेलं तो पुढच्यांना नुसत्या अंदाजावर सोडायला तयार नसणार.

या मुद्द्याचं खरं उत्तर आपल्याला ओळखीच्या खेळात मिळतं. १९७३ मध्ये डेनिस लिलीच्या पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले, करिअर संपलं म्हणून लोकांनी सोडून दिलं होतं, तो पर्थच्या विद्यापीठातल्या लोकांच्या मदतीने उभा राहिला. पुढे त्याच विद्यापीठात ब्रूस एलियट, डॅरिल फॉस्टर वगैरेंनी फास्ट बोलर्सच्या पाठी तपासल्या आणि दाखवून दिलं की खालचं शरीर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी मिक्स्ड अ‍ॅक्शन कमरेच्या मणक्यांना घातक असते. आता त्यांनी काय सांगितलं ते नीट ऐका. साइड-ऑन टाका किंवा फ्रंट-ऑन टाका, दोन्ही चालेल, पण दोन्हींची सरमिसळ करू नका. म्हणजे विज्ञानाने एक रस्ता सगळ्यांवर लादला नाही, फक्त कुठे खड्डा आहे ते दाखवलं आणि उरलेलं मैदान मोकळं ठेवलं. ते ज्ञान देशोदेशीच्या कोचिंगमध्ये गेलं. लिली १९८७ पासून चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये शिकवायला यायचा आणि श्रीरामपूरहून गेलेला झहीर खान तिथूनच तयार झाला. क्रिकेटमधले बोलर आज एकसारखे झालेत का? बुमराह बघा की! त्या अ‍ॅक्शनला कोणी हात लावला नाही. त्याची पाठ तरीही दुखावली, २०२३ मध्ये सर्जरी झाली, विज्ञान काही कवचकुंडलं देत नाही. पण मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणजे काय हे मेलबर्नच्या आणि मुंबईच्या कोचला विचारलं तर एकच उत्तर येतं. बेसबॉलमध्ये दोन गावांच्या कोचना हिप-शोल्डर सेपरेशन (कंबर आणि खांदे यांच्या वळण्यातला फरक) म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं विचारा, दोन उत्तरं मिळाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात जड आहे, आणि मला तो टाळायचा नाहीये. विज्ञानानेच तर हात मोडले! डिसेंबर २०२४ मध्ये लीगनेच पिचरांच्या दुखापतींवर ६२ पानी अहवाल काढला, दोनशेहून जास्त लोकांशी बोलून. त्यात आहे की सरासरी फास्टबॉल २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता तो २०२४ मध्ये ९४.२ झाला. पिचर इंजुरी लिस्टवर जायचे प्रसंग २००५ मध्ये २१२ होते ते ४८५ झाले. मोठ्या आणि मायनर लीग मिळून टॉमी जॉन सर्जरी २०१० मध्ये १०४, २०२४ मध्ये २८१. आणि हा वेग, ही फिरकी, प्रत्येक बॉलला पूर्ण जोर, हे सगळं शिकवलं कोणी? हाय-स्पीड कॅमेरे, रडार, वजनदार बॉल घेऊन बसलेल्यांनीच. वरून डॉजर्सचं उदाहरण देतात, सगळ्यात प्रगत क्लब आणि २०२४ च्या पोस्टसीझनमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) त्यांच्याकडे धड तीन स्टार्टर उरले होते, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम फेरीची, चौथी मॅच त्यांनी बुलपेनवर (राखीव पिचरांवर) काढली. जिंकले ते, पण ज्यांचे हात गेले त्यांना त्याचं काय?

हे खरं आहे. पण नीट बघितलं तर इथे विज्ञान दुभंगलेलं दिसतं. वेग वाढवायचं ज्ञान खासगी ट्रेनिंग सेंटरमध्ये आणि क्लबच्या आर अँड डी खोल्यांमध्ये वाढलं, कारण त्याला बाजार आहे, रडार गनवरचा आकडा लगेच दिसतो आणि त्यावर कॉन्ट्रॅक्ट मिळतं. भाराचं ज्ञान राहिलं सर्जनच्या दवाखान्यात आणि जर्नलमध्ये, जिथे पोरगा हात गेल्यावरच पोचतो. दोन्ही एकाच अभ्यासात आले की काय दिसतं? २०१८ मध्ये मायकेल रायनोल्ड आणि बर्मिंगहॅमच्या मंडळींनी ३८ शाळकरी पिचरवर सहा आठवड्यांचा वेटेड बॉलचा प्रयोग छापला. वेग ३.३ टक्क्यांनी वाढला, म्हणजे पद्धत काम करते. आणि ती वापरणाऱ्या गटात २४ टक्के मुलांना दुखापत झाली, दुसऱ्या गटात एकालाही नाही. अभ्यास लहान आहे, मुलं कोवळी आहेत, प्रौढ व्यावसायिकांवर तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे सगळं बरोबर. पण वेग आणि दुखापत एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या की लगेच प्रश्न बदलतो की नाही? माझ्या पाहुण्याच्या वहीत कोपऱ्यात फक्त वेग होता. टॉर्कचा रकाना कोणी आखूनच दिला नव्हता. तेव्हा विज्ञान कमी करा हे उत्तर मला पटत नाही, ज्या अर्ध्या विज्ञानावर आपण चाललोय त्याला दुसरा अर्धा जोडा असं माझं म्हणणं आहे. आणि तो जोडायचा तर सगळ्यांनी एकदम जोडावा लागेल, कारण एकट्या क्लबने जरा सबुरीने शिकवायचं ठरवलं तर त्याचे पिचर दोन मैल मागे राहतील आणि पुढच्या वर्षी तो कोच घरी जाईल.

तिसरा मुद्दा, हे क्लब एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, कोचिंग हेच त्यांचं गुपित, ते का वाटतील? आपल्याकडे हाच वाद शंभर वर्षांपूर्वी गाण्यात झालाय. घराण्याच्या चिजा जिवापाड जपल्या जायच्या, बाहेरच्याला अस्ताई दिली तर अंतरा द्यायचा नाही. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे गावोगाव, दरबारोदरबारी फिरले, उस्तादांची मनधरणी करून बंदिशी लिहून घेतल्या, नोटेशन बसवलं, दहा थाटांत राग लावले, १९१६ ला बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. टीका तेव्हाही झाली, आजही होते, की कागदावर गाणं उतरत नाही, थाटांत सगळे राग बसत नाहीत. दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही ग्वाल्हेरवाला आणि जयपूरवाला एकाच रागाबद्दल बोलू शकतील अशी भाषा तयार झाली, आणि घराण्यांची गायकी त्यानंतरही वेगवेगळीच राहिली, कारण गायकी नोटेशनमध्ये नव्हतीच कधी.

बेसबॉलमध्येही गुपित आणि सामायिक यांची रेषा आधीच सरकलेली आहे. २०१० पासून मोठ्या आणि मायनर लीगसाठी दुखापतींची एकच नोंदपद्धत आहे. २०११ मध्ये डोक्याला मार लागलेल्यांसाठी सात दिवसांची दुखापतींची वेगळी यादी आणि सगळ्या क्लबना सारखे नियम आले, तेव्हा मेंदूची तपासणी हे आमचं गुपित आहे असं कोणी म्हणालं नाही. २०२० पासून तीसही मैदानांवर हॉक-आयचे कॅमेरे आहेत आणि तो डेटा सगळ्या क्लबना मिळतो. डावपेच लपवा, कोणत्या बॅटरला काय टाकायचं ते लपवा, कोणता पोरगा हेरलाय ते लपवा. पण लिगामेंट कशाने तुटतं हे लपवून कोणाचा काय फायदा? आज तुमच्याकडे असलेला पिचर दोन वर्षांनी ट्रेडमध्ये शेजाऱ्याकडे जाणार आणि शेजाऱ्याचा तुमच्याकडे येणार, त्याच्या हाताचा इतिहास कोरा घेऊन.

एकसूत्री कोचिंग ही कल्पना नवी आहे असंही कोणी समजू नये. ब्रँच रिकीने १९४८ मध्ये व्हेरो बीचला डॉजर्सचा तळ उभारला तेव्हा क्लबच्या सगळ्या पातळ्यांची पोरं एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने शिकायची, स्ट्राइक झोन (बॉल ज्यातून जायला हवा ती चौकट) दाखवायला दोरे बांधलेले असायचे. बाल्टिमोर ओरिओल्स क्लबचा ओरिओल वे तर दंतकथाच आहे, सगळ्यात खालच्या टीमपासून वरपर्यंत एकच शिकवण. १९७१ मध्ये त्यांच्या चार पिचरनी प्रत्येकी वीस किंवा जास्त मॅच जिंकल्या. पामर उजवा, पाय उंच उचलणारा. मॅकनॅली डावा. क्युएलार डावा, त्याचा स्क्रूबॉल (उलट्या बाजूला वळणारा बॉल). डॉबसन उजवा. क्युएलार आणि डॉबसन तर ट्रेडमधून आलेले. चौघं चार तऱ्हेचे! एक शिकवण म्हणजे एक अ‍ॅक्शन असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या चौघांकडे बघावं.

आणि विज्ञानाचा प्रयत्नही झालाय. कॅन्सस सिटी क्लबचे मालक यूइंग कॉफमन औषधांच्या धंद्यातले, त्यांनी १९७० मध्ये फ्लोरिडात सॅरासोटाला अकॅडमी काढली, धावण्याचा वेग, नजर, रिफ्लेक्स मोजून पोरं घेतली, बेसबॉल खेळलेलं असलंच पाहिजे असंही नाही. फ्रँक व्हाइटच्या शाळेला बेसबॉलची टीमच नव्हती, तो तिथून येऊन आठ गोल्ड ग्लोव्ह (फील्डिंगचे पुरस्कार) जिंकला. तरी १९७४ मध्ये अकॅडमी बंद झाली, खर्च होता आणि क्लबमधल्या जुन्या लोकांना ती नकोशी होती. तेच १९७४ साल जेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्यावर ती पहिली सर्जरी केली. त्याच वर्षी त्याच डॉजर्सकडून माइक मार्शल १०६ मॅच खेळला, साय यंग जिंकला, आणि हा माणूस शरीराच्या हालचालींचा अभ्यासक, पुढे त्याच विषयात डॉक्टरेट केली. त्याने स्वतःची पिचिंगची पद्धत बसवली आणि आयुष्यभर सांगत राहिला की असं टाका, हात जाणार नाहीत. बेसबॉलने त्याला दारात उभं केलं नाही. मार्शल बरोबर होता का? मला इथे त्याची बाजू घ्यायची नाहीये, तो हेकटही होता. पण एखादा माणूस असा दावा करतो तेव्हा तो दावा घेऊन जायला, तपासून हो किंवा नाही म्हणायला खेळात एक जागा हवी होती की नको? शिकवायची पद्धत दुरुस्त करण्याऐवजी खेळाने तुटलेलं लिगामेंट दुरुस्त करायची पद्धत उचलली, कारण ती सर्जनच्या खोलीत होत होती, कोचचा अहंकार दुखावत नव्हती. टॉमी जॉन परत येऊन अजून १६४ मॅच जिंकला हे अद्भुतच आहे, पण त्या यशानेच पुढची पन्नास वर्षं आधीचा प्रश्न झाकून ठेवला असं मला वाटतं.

जुन्या कोचांबद्दल. गेल्या काही वर्षांत कित्येक क्लबनी वर्षानुवर्षं मायनर लीगच्या बसमध्ये आयुष्य काढलेली माणसं काढून टाकली आणि टॅब्लेटवाली तरुण मुलं आणली. ते चुकीचं झालं, आणि त्यामुळेच विज्ञान म्हटलं की या माणसांना आपली नोकरी गेलेली आठवते. माझ्या पाहुण्याला जेव्हा आई आजारी असल्याचा फोन आला होता त्या आठवड्यात त्याच्या कोचने त्याला बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात त्या जागी) फक्त हळू फेकायला लावलं होतं, कुठलंही यंत्र ते सांगणार नव्हतं. हा थकलाय, हा घाबरलाय, हा दुखणं लपवतोय हे ओळखणं हीसुद्धा माहितीच आहे आणि ती सामायिक नोंदीत जायला हवी, तितक्याच मानाने. थकल्यावरही टाकत राहणाऱ्या मुलांना सर्जरीची वेळ येण्याची शक्यता ३६ पट होती असं बर्मिंगहॅमच्याच २००६ च्या अभ्यासात आहे. मग थकवा सगळ्यात आधी ओळखणारा माणूस या पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस नाही का?

एका आक्षेपावर मात्र माझ्याकडे युक्तिवाद नाही, फक्त अट आहे. खेळाडू म्हणतात, माझ्या शरीराचा डेटा उद्या माझ्याच विरुद्ध वापरतील, तुझं लिगामेंट पातळ झालंय म्हणून पगार कापतील. भीती रास्त आहे, मालकांचा इतिहास विश्वास ठेवावा असा नाहीये. म्हणून ही नोंद क्लबच्या ताब्यात नको. लीग आणि युनियन दोघांनी मिळून नेमलेल्या तिसऱ्या हातात हवी, पगाराच्या वाटाघाटीत ती आणायला करारानेच बंदी हवी, आणि खेळाडूला स्वतःचं पान कधीही बघता यायला हवं. एवढं नसेल तर युनियनने सही करू नये, मीही त्यांच्याच बाजूने उभा राहीन.

सुरुवात कुठून करायची तर हिवाळ्यातून. लीगच्या अहवालातच आहे की दुखापती स्प्रिंग ट्रेनिंगच्या आसपास जास्त वाढल्यात, पोरं ऑफ-सीझनला पूर्ण जोर लावून येतात आणि फेब्रुवारीत क्लबमध्ये शिरतात तेव्हा आधीच दमलेली असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी खेळाडू खासगी ट्रेनरकडे, मार्च ते सप्टेंबर क्लबकडे, आणि मायनर लीगमध्ये चार पायऱ्या म्हणजे चार पिचिंग कोच. या सगळ्यांनी एकच साधा तक्ता भरायचा, काय बदललं, का बदललं, किती बॉल, कुठल्या वजनाचे, वेग किती, भार किती, पोरगा काय म्हणाला. पाच वर्षं तीस क्लबनी एवढं केलं तर घड्याळामुळे की वेगामुळे या भांडणाचं उत्तर पत्रकातून शोधावं लागणार नाही.

तो पोरगा सप्टेंबरमध्ये गेला, पुढच्या वर्षी क्लबने त्याला सोडलं. जायच्या आदल्या रात्री बेसमेंटमध्ये त्याचं सामान भरायला मी मदत करत होतो, बॅगेत ती वही सगळ्यात वर होती. मी विचारलं, हिवाळ्यातली ती पानं क्लबमध्ये कोणाला दाखवलीस का कधी? म्हणाला, कोणी मागितलीच नाहीत.